गारकोनचा संसारी माणूस

डिसेंबर २०२४ मध्ये लडाखच्या गारकोन गावात ताशी नामग्याल वारले. वय ५८. लेहच्या आपल्या १४ कोअरने त्यांना आदरांजली वाहिली, देशभरच्या वर्तमानपत्रांत छोटी बातमी आली. बहुतेक बातम्यांत त्यांची ओळख एकाच ओळीत करून दिलेली होती : कारगिलच्या घुसखोरीची पहिली खबर देणारा मेंढपाळ.

ज्यांनी त्या भागात नोकरी केली आहे त्यांना ही गोष्ट पाठ आहे. मे १९९९. एका गावकऱ्याचा याक हरवला. तो शोधायला डोंगरावर गेला, दुर्बिणीतून पाहिले तर पठाणी पोशाखातली माणसे बंकर खोदताना दिसली. खाली येऊन त्याने आपल्या सैनिकांना सांगितले आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मीही ही गोष्ट लंगरमध्ये, कॉन्व्हॉय थांबलेला असताना, बदलून आलेल्या नव्या जवानांना अनेकदा सांगितली आहे. ऐकणारा शेवटी हमखास म्हणतो, "नशीबच म्हणायचे! याक हरवला नसता तर?"

या "नशीबच" शब्दापाशी मी अडतो. ताशींना त्या दिवशी जे दिसले त्यात योगायोगाचा वाटा होता, हे तेही नाकारत नसत. पण योगायोगाने फक्त याक हरवला. बाकीचे सारे त्यांच्या रोजच्या कष्टांतून आले होते. म्हणून त्यांच्या पश्चात त्यांची आठवण काढताना मला याकापेक्षा त्या कष्टांबद्दल अधिक सांगायचे आहे.

गाव आणि तिथले काम

कारगिलहून हंबोटिंग ला ओलांडून रस्ता बटालिककडे उतरतो आणि सिंधू नदी भेटते. तिच्या काठाने दाह, हानू, गारकोन, दारचिक ही गावे आहेत. इथल्या लोकांना ब्रोक्पा म्हणतात. पर्यटन खात्याच्या पाट्यांवर या भागाला 'आर्यन व्हॅली' असे नाव आहे. भाषा ब्रोक्सकत, शिना भाषेच्या कुळातली, म्हणजे शेजारच्या लडाखी बोलीहून वेगळी. बायका-पुरुष डोक्याला ताजी फुले माळतात, म्हणून यांची छायाचित्रे खूप काढली जातात. कारगिलपासून गारकोन साधारण साठ किलोमीटर.

फोटो काढून परत जाणाऱ्यांना एक गोष्ट सहसा दिसत नाही. या खोऱ्यात सपाट जमीन जवळजवळ नाहीच. नदी खोल घळीतून वाहते, दोन्ही बाजूंना उभे कडे. शेत म्हणजे दगड रचून, माती धरून केलेली पायरी. एकेक पायरी आपल्याकडच्या घराच्या अंगणाएवढी. पाणी वरच्या ओढ्यातून पाटाने आणायचे, आणि पाट दर वसंतात दुरुस्त करायचा, कारण हिवाळ्यात दरड कोसळून तो फुटलेला असतो. उंची बाकीच्या लडाखच्या मानाने कमी असल्याने इथे वर्षात दोन पिके निघतात. आधी सातू, तो कापला की कुट्टू किंवा तत्सम लवकर येणारे धान्य. बांधावर जर्दाळू आणि अक्रोड. जर्दाळू पिकले की घराच्या धाब्यावर वाळत घालायचे आणि कठीण बीही फेकायची नाही, कारण तिच्यातून तेल निघते.

एवढ्या शेतावर घर चालत नाही. म्हणून जनावरे. शेळ्या, मेंढ्या, झो आणि ज्याला परवडेल त्याचा याक. उन्हाळ्यात खालची प्रत्येक पायरी पिकाखाली असते, तिथे जनावर शिरले तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेले. म्हणून जनावरे वर न्यायची, जिथे बर्फ मागे सरकेल तसतसे गवत फुटते. त्या वरच्या चरणीवर कोणाचे जनावर कुठवर जाते, पाणी कुठे आहे, कोणत्या नाळेत दगड सुटतात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी सुटतात, हे गावातल्या पोराला दहाव्या वर्षी कळते. आमच्याकडे हे ज्ञान नकाशावर आणि दोन वर्षांच्या बदलीपुरते. त्यांच्याकडे ते बापाकडून मुलाकडे आलेले.

त्या भागात असताना आमच्याबरोबर गावातलाच एक वयस्क पोर्टर असे. एकदा समोरच्या उतारावर, दोन किलोमीटर तरी दूर, काळे ठिपके हलत होते. त्यातला एक आपल्या मेहुण्याचा झो आहे असे तो म्हणाला. मी दुर्बीण लावूनही मला सगळे ठिपके सारखेच. विचारले, कसे ओळखलेस? तो हसला. म्हणाला, "चालीवरून, साहेब. तुम्ही तुमचा जवान पाठमोरा ओळखत नाही का?"

ताशी नामग्याल याच मातीतले. ३ मे १९९९ ला ते तिशीतले होते, आणि घर चालवणारे होते.

बारा हजारांचा याक

ताशी नंतर मुलाखतींतून सांगत असत की तो याक नवा होता, बारा हजार रुपयांना घेतलेला. १९९९ साली त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बारा हजार म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला बैलाच्या हिशेबाने लगेच कळेल. माणदेशातल्या शेतकऱ्याने खिल्लारी जोड घेतली आणि त्यातला एक बैल आठ दिवसांत दिसेनासा झाला, तर तो घरी बसून राहील का? पायाला भिंगरी लावून पाच गावे पालथी घालील. ताशींनी तेच केले. आपण एवढा महाग याक घेतला नसता तर त्या दिवशी डोंगरावर गेलोच नसतो, असे ते सरळ सांगत. त्यात मोठेपणाचा आव नव्हता. शत्रू शोधायला मी गेलो होतो, असे ते कधी म्हणाले नाहीत.

याक उन्हापासून पळतो, गारव्याकडे जातो. मे महिन्यात खाली ऊब वाढू लागली की तो आपोआप वर चढतो, आणि नवा याक तर नव्या धन्याच्या गोठ्याला धरून राहत नाही. मालकाला रोज वेगळ्या डोंगरावर चढून दुर्बिणीने समोरचे उतार तपासावे लागतात. दुर्बीण गावकऱ्याच्या हातात कशाला, असा प्रश्न आपल्याकडचा माणूस विचारतो. तिथे ती जनावरे शोधण्याचे अवजार आहे, जशी आपल्याकडे वेसण आणि दावे.

तर ताशी गावातल्या सोबत्याबरोबर वर गेले आणि दुर्बिणीने उतार पाहू लागले. गडद पठाणी पोशाखातली माणसे दिसली. ती खोदत होती, दगड रचत होती, काहींच्या हाती शस्त्रे होती. किती ते मोजता आले नाही. पण ही आपल्या बाजूची नव्हेत, रेषेपलीकडून आलेली आहेत, हे ताशींच्या लक्षात आले.

ही खूणगाठ कशी बांधली गेली असेल? नोकरीतल्या अनुभवावरून मला वाटते ते सांगतो. डोंगरात माणूस दिसला की गावकरी तीन गोष्टी पाहतो : हा कोणाचा, कुठून वर आला, आणि या दिवसांत इथे त्याचे काय काम. मे महिन्याच्या सुरुवातीला त्या उंचीवर चरणीला नेण्याजोगे फारसे गवत नसते. जनावर बरोबर नाही, पाठीवर सरपणाचा भारा नाही, आणि माणसे दगडांची भिंत रचताहेत. ज्याने आयुष्यभर त्याच उतारावर काम केले आहे त्याला कोणते काम आपल्या जगातले आणि कोणते परके हे सांगावे लागत नाही. शहरातून आलेला हौशी गिर्यारोहक त्याच जागी उभा असता तर त्याने त्यांना मेंढपाळ समजून हात हलवला असता.

ताशींनी उशीर केला नाही. खाली उतरून तिथे तैनात असलेल्या ३ पंजाबच्या लोकांना सांगितले.

ती जागा रिकामी का होती

आता जुन्या सैनिकांनी विचारायचा प्रश्न : जे ताशींना दिसले ते आपल्याला का दिसले नव्हते?

१९७२ च्या सिमला करारानंतर ठरलेली नियंत्रण रेषा इथे चौदा-सोळा हजार फुटांवरच्या धारांवरून जाते. दोन पोस्टमधले अंतर कधी कधी इतके मोठे की मधला डोंगर कोणाच्याच नजरेत नाही. हिवाळ्यात बर्फ आणि हिमस्खलनामुळे कित्येक उंच पोस्ट खाली आणल्या जात आणि उन्हाळ्यात पुन्हा चढवल्या जात. दोन्ही बाजूंची हीच रीत होती. मधल्या काळात हेलिकॉप्टरमधून हिवाळी टेहळणी होई, पण कंप पावणाऱ्या हेलिकॉप्टरमधून, खराब हवेत, स्वतःला लपवणारा माणूस दिसणे कठीण. पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीने नेमका हाच काळ आणि हीच रिकामी जागा हेरली. त्याच फेब्रुवारीत पंतप्रधान वाजपेयी बसने लाहोरला जाऊन आले होते आणि लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या होत्या. त्यामुळे असे काही चालले असेल अशी शंकाही कमीच होती.

युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली गेली. तिच्या अहवालात पहिल्या सुगाव्याची नोंद आहे : ३ मे रोजी, बटालिक विभागातल्या बांजू भागात, दोन मेंढपाळांना घुसखोर दिसले. हेही नोंदले आहे की ब्रिगेडची गुप्तवार्ता तुकडी या मेंढपाळांकडून अधूनमधून माहिती घेत असे.

हे दुसरे वाक्य वाचताना सहसा नजरेतून निसटते, पण माझ्या मते ते फार महत्त्वाचे आहे. याचा अर्थ असा की आपले लोक आणि गावकरी यांच्यात येणे-जाणे होते, बोलणे होते. कोणाला जाऊन सांगायचे हे गावकऱ्याला माहीत होते. आणि चौकीवरच्या माणसाने "जा रे, तुला भास झाला असेल" म्हणून त्याला हाकलून दिले नाही. ३ पंजाबने गस्ती पाठवल्या आणि ७ मे पर्यंत खात्री झाली की वर खरोखरच कोणीतरी बसले आहे. सीमेवर नोकरी केलेल्यांना माहीत आहे, गावकऱ्याची खबर चहा पीत ऐकणारा एक चांगला हवालदार कित्येकदा महागड्या यंत्राचे काम करतो.

३ मे नंतर

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यातले काही जण ते स्वतः जगले आहेत. ९ मे ला कारगिलमधला दारूगोळ्याचा साठा पाकिस्तानी तोफांनी उडवला. काकसर भागात गस्तीवर गेलेले लेफ्टनंट सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान १५ मे ला शत्रूच्या हाती सापडले. जूनमध्ये त्यांचे देह परत मिळाले तेव्हा त्यांचे काय हाल केले गेले होते हे देशाने पाहिले. हळूहळू कळत गेले की घुसखोरी एका शिखरापुरती नाही. मश्कोह, द्रास, काकसर, बटालिक, तुर्तुक, सगळीकडे ते बसले आहेत.

बटालिकची लढाई द्रासइतकी टीव्हीवर दिसली नाही. टायगर हिल आणि तोलोलिंग महामार्गावरून दिसतात, कॅमेरे तिथे पोचले. बटालिकच्या धारा आत, सिंधूच्या पलीकडे आहेत. तिथे १ बिहारचे मेजर सरवणन २९ मे रोजी जुबारच्या लढाईत पडले आणि त्यांचे पार्थिव महिन्याहून अधिक काळ खाली आणता आले नाही. चोरबाट ला इथे मेजर सोनम वांगचुक आणि त्यांचे लडाख स्काउट्सचे जवान लढले. वांगचुक यांना महावीरचक्र मिळाले. खालुबारवर १/११ गोरखा रायफल्सचे लेफ्टनंट मनोजकुमार पांडे ३ जुलैला हुतात्मा झाले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले. जुलैच्या पहिल्या दहा दिवसांत बटालिकच्या मुख्य धारा परत आल्या. २६ जुलैला सारा भाग मोकळा झाला. आपले ५२७ जवान आणि अधिकारी गेले.

या काळात लडाखच्या गावागावांतली माणसे पाठीवर दारूगोळा, पाणी आणि रसद घेऊन चढत होती. उतरताना तीच माणसे जखमींना आणत. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे कोणत्याही स्मारकावर नाहीत.

ताशींच्या बाबतीत एक गोष्ट आपण कधी मोजत नाही. त्यांनी खबर दिली आणि युद्ध त्यांच्याच रानात आले. ज्या उतारांवर जनावरे चरायची तिथे तोफगोळे पडू लागले. आमचा मोर्चा संपला की आमची युनिट दुसरीकडे जाते. गावकऱ्याला मात्र त्याच उतारावर पुढच्या वसंतात पुन्हा चढावे लागते, न फुटलेले गोळे कुठे पडले असतील याचा विचार करत. तरीही गप्प बसावे असे त्या माणसाला वाटले नाही.

आणि खबर आणखी उशिरा मिळाली असती तर? लष्करी इतिहासात "जर-तर" फार ताणू नये हे मला मान्य आहे. पण एवढे कोणीही जुना सैनिक सांगेल : खोदणाऱ्या शत्रूला जितके दिवस मिळतात तितकी भिंत जाड होते, सुरुंग पेरले जातात, दारूगोळा साठतो. मे महिन्यातला प्रत्येक दिवस पुढे चढाई करणाऱ्या कोणाच्या तरी जिवाशी जोडलेला होता.

त्यांच्या आधीचे

ताशी या परंपरेत एकटे नाहीत. आपल्या प्रत्येक युद्धात असा एक तरी गावकरी भेटतो.

५ ऑगस्ट १९६५. काश्मीरमध्ये तंगमर्गच्या वरच्या बाजूला मोहम्मद दीन नावाचा गुज्जर तरुण गुरे चारत होता. हिरवट सलवार-कमीज घातलेले दोन शस्त्रधारी अनोळखी त्याला भेटले. त्यांनी पैसे देऊ केले आणि आपल्या सैन्याची माहिती विचारली. मोहम्मद दीनने त्यांना बोलण्यात गुंतवले आणि तंगमर्गचे पोलीस ठाणे गाठले. पाकिस्तानच्या 'ऑपरेशन जिब्राल्टर'चा असा सुगावा लागला. हजारो घुसखोर पाठवून काश्मीरमध्ये उठाव घडवायचा हा डाव गुरे राखणाऱ्या माणसाच्या सावधपणामुळे सुरुवातीलाच उघडा पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस आपण हाजी पीर खिंड घेतली. मोहम्मद दीनला पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये दहशतवाद्यांनी त्याला ठार मारले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या खबरीची किंमत त्याने अशी मोजली.

१९७१ च्या युद्धात पूंछ भागात माली बी नावाच्या गुज्जर बाईंना पाकिस्तानी सैनिकांची चाहूल लागली. त्या बर्फातून चालत गेल्या आणि आपल्या सैन्याला खबर दिली. त्यांनाही पद्मश्री देऊन गौरवले गेले.

एक गुरे चारणारा, एक डोंगरातली बाई, एक याक शोधणारा. तिघेही घरच्या कामातली माणसे. तिघांचाही सैन्याशी पगाराचा संबंध नव्हता. १९६५, १९७१, १९९९ या तिन्ही सालांत मध्ये किती तंत्रज्ञान बदलले ते पाहा, तरी पहिली नजर गावकऱ्याचीच ठरली.

आपल्या मराठी मनाला हे नवे वाटू नये. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणी ऐकली आहे. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हे बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. कथेत पुढे राजांनी त्या जागी बुरूज बांधला. ही कथा आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण सैनिक म्हणून मी ती वेगळी वाचतो. गडावरच्या पहारेकऱ्यांना जी वाट ठाऊक नव्हती ती पायथ्याच्या संसारी बाईला सापडली, कारण घरी जाण्याची गरज तिला होती. राजांचे शहाणपण असे की त्यांनी तिचा सत्कार केला, आणि ती वाट ओळखून तिथे पहाराही बसवला.

आठवण कशी ठेवावी

ज्या १४ कोअरने ताशींना आदरांजली वाहिली तिचा जन्मच कारगिल युद्धातून झाला. १ सप्टेंबर १९९९ ला ती लेहमध्ये उभी राहिली. म्हणजे ज्या युद्धाची पहिली खबर या माणसाने दिली, त्या युद्धानंतर उभ्या राहिलेल्या कोअरने पंचवीस वर्षांनी त्यांना निरोप दिला. माझ्यासारख्या जुन्या शिपायाला या गोष्टीचे समाधान वाटते. ताशींच्या वाट्याला एरवी आले ते सत्कार, प्रशस्तिपत्रे, आणि दर जुलैला येणारे वार्ताहर. वार्ताहर गेले की पुन्हा शेत आणि जनावरे.

जुलै २०२४ मध्ये द्रासला कारगिल विजय दिवसाचा पंचविसावा सोहळा झाला. ताशी आले होते, बरोबर त्यांची मुलगी होती. ती शिक्षिका आहे. माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याचे मोजमाप करायला ही एक ओळ पुरेशी आहे. बारा हजारांचा याक घेणारा, तो हरवला म्हणून डोंगर पालथा घालणारा बाप कशासाठी राबत होता? ज्या गावात शेत म्हणजे अंगणाएवढी पायरी, त्या गावातून मुलगी शिकून शिक्षिका झाली. घुसखोर दिसले तो एक दिवस होता. मुलगी शिक्षिका होईपर्यंतचे दिवस त्याच्या कित्येक पटींनी अधिक, आणि त्या दिवसांत कोणी वार्ताहर नव्हता.

आता जे सांगायचे ते विशेषतः माझ्या सेवानिवृत्त मित्रांना. सीमेवरची गावे हळूहळू रिकामी होत आहेत हे तुम्हीही पाहिले असेल. उत्तराखंडमध्ये कुलूप लागलेली घरे, अरुणाचलमध्ये शाळेसाठी खाली उतरलेली कुटुंबे. पोरे शिकतात, शहरात जातात, आणि त्यांनी का जाऊ नये? ताशींच्या लेकीने शिकावे हेच तर त्यांनी कमावले. पण डोंगरावर जनावर नेणारे घर उरले नाही की त्या उतारावरची नजरही गेली. तिथे मग फक्त आम्ही, दोन वर्षांच्या बदलीवर आलेले, आणि आमचे कॅमेरे. सरकारने २०२३ मध्ये उत्तर सीमेसाठी 'व्हायब्रंट व्हिलेजेस' योजना सुरू केली, पुढे इतर सीमांसाठीही तिचा दुसरा टप्पा मंजूर केला. रस्ता, वीज, दूरध्वनी हे सगळे हवेच. त्याबरोबर हेही पाहावे लागेल की वरच्या चरणीवर जाणे गावकऱ्याला परवडते का, आणि चौकीवर त्याला अजून चहा मिळतो का. त्याला रोज तपासणीसाठी अडवले, त्याच्या जनावरांना हुसकावले, तर पुढच्या वेळी तो काही पाहिले तरी सांगायला येईल याची खात्री कोणी द्यावी?

तरुण अधिकाऱ्यांना मी एवढेच सांगतो. नव्या जागी गेलात की पहिल्या आठवड्यात नकाशा पाठ करा, आणि दुसऱ्या आठवड्यात गावात जा. कोणाची जनावरे कुठे चरतात ते विचारा. कोणाचा याक नवा आहे, कोणाची गाय व्याली, कोणाच्या पाटाला पाणी कमी पडले, ते लक्षात ठेवा. यातले काही रिपोर्टमध्ये लिहायचे नसते. पण एखाद्या मे महिन्यात कोणी धापा टाकत खाली येईल तेव्हा तो तुमच्याकडे येईल.

गारकोनला जाणारा रस्ता आता पूर्वीपेक्षा बराच चांगला आहे. आपल्याकडून लडाखला जाणारे लोक पांगाँग आणि नुब्रा पाहून परततात. कधी बटालिककडे वळलात, परवानगीचे नियम पाळून, तर गारकोनमध्ये थोडा वेळ थांबा. कोणाच्या घरून वाळलेले जर्दाळू विकत घ्या, भाव करू नका. मान वर करून समोरची धार पाहा. इतक्या उंचावरून एक ठिपका ओळखायला किती वर्षे त्या डोंगरात राबावे लागते, याचा अंदाज तिथे उभे राहिल्यावर येतो.

ताशी नामग्याल यांना एका जुन्या सैनिकाचा सलाम. जय हिंद.